जिताड्याच्या मुलखातून पाण्याखाली

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पेण-रोह्याच्या घरांत सहलीची बोलणी सुरू होतात. अलीकडे त्यांत अंदमान आणि मालदीवची नावं ऐकू येतात. कारण विचारलं तर पोरं एकच सांगतात, स्कूबा करायचंय. जरूर करा, पण आधी मालवणला जा. दिवा-सावंतवाडी गाडी पेणला थांबते, रोह्यालाही थांबते. सकाळी बसलात की संध्याकाळी कुडाळ, आणि तिथून मालवण तासाभराच्या अंतरावर. किनाऱ्यालगत एखाद्या न्याहारी-निवासात उतरा, लवकर झोपा आणि सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला जाणाऱ्या होडीत बसा.

पहिल्या खेपेला पोहता आलंच पाहिजे असं नाही. खोली बेताची असते आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. उतरण्याआधी खुणा शिकवतात. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवायचा. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब दुप्पट होतो, म्हणून कानांना दडे बसतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकली की ते सुटतात. श्वास मात्र कधीही रोखून धरायचा नाही, कारण वर येताना दाब कमी होतो आणि छातीत कोंडलेली हवा फुगते. हे सगळं समजावणारी कितीतरी मुलं तिथल्या मच्छीमार घरांतली आहेत. वाडवडील रापण ओढायचे. ही मुलं त्याच पाण्यात आता पाहुण्यांना खाली नेतात. राज्य पर्यटन महामंडळाने तारकर्लीला स्कूबाचं रीतसर शिक्षण देणारी संस्था उभी केली आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांची त्यामागे मोठी मेहनत आहे.

खाली गेल्यावर सगळ्यात आधी लाल रंग फिका पडतो, कारण पाणी तो पहिल्यांदा शोषून घेतं. मग खडकावरची प्रवाळं दिसू लागतात. दगड वाटावा असा तो जिवंत प्राण्यांचा वाडा असतो. घुमटासारखी वाढणारी काही प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे वीतभर उंचीच्या प्रवाळाचं वय आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाएवढं! त्यावर एकदा पाय पडला, होडीचा नांगर आदळला, की तेवढी वर्षं गेली. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला. त्याच किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. म्हणून पैसे देण्याआधी विचारून घ्या: होडी बोयाला बांधणार की प्रवाळावर नांगर टाकणार? माशांना पाव-बिस्किटं घालणार असतील तर ठाम नाही म्हणा. गिऱ्हाईक विचारू लागलं की धंद्याची रीत बदलते.

मग रायगडच्या किनाऱ्यावर असं का दिसत नाही, हा प्रश्न मुलं विचारतीलच. प्रवाळाला ऊन लागतं, कारण त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. आपली अंबा धरमतरच्या खाडीला मिळते, कुंडलिका रेवदंड्याला. दोघींच्या मुखाशी गाळ भरपूर, पाणी गढूळ. पण त्या गढूळ पाण्याची किंमत कमी नाही. जिताड्याची वीण खाडीच्या तोंडाशी खारट पाण्यात होते, आणि पिल्लं भरतीबरोबर आत शिरून खारफुटीच्या आडोशाने, खाजणांतून, तळ्यांतून वाढतात. पेणच्या पाहुणचारातला जिताडा हा असा खाडीने वाढवलेला असतो. खारफुटीवर भराव पडला, की हा पाळणाच नाहीसा होतो. धाटावच्या कारखान्यांना लागून कुंडलिका वाहते, तिचं पाणी कसं आहे याची चौकशी याच कारणासाठी दर ग्रामसभेत व्हायला हवी. कुंडलिकेचं पाणी मालवणला पोचत नाही, हे खरं. पण मालवणच्या नितळ पाण्यात समुद्राचं घरदार एकदा डोळ्यांनी पाहिलं, की आपल्या गढूळ खाडीतही तसंच घरदार नांदतंय हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून मला या सहलीत चैनीपेक्षा शिक्षण जास्त दिसतं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, प्रवाळांचं एक प्रचंड बुडालेलं पठार आहे. त्याला आंग्रे बँक म्हणतात, आपल्या अलिबागच्या कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. आंग्र्यांच्या मुलखातल्या मुलांना हे पठार ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं. पेण आणि रोह्याच्या शाळांनी, कॉलेजांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाणी स्वच्छ असताना, दरवर्षी एक तुकडी मालवणला न्यावी. ज्यांच्या घरी खर्च झेपत नाही त्यांचा भार गावातल्या मंडळांनी, पतसंस्थांनी उचलावा. परत आल्यावर त्याच मुलांना घेऊन खाडीवर जावं, खारफुटी दाखवावी, पाण्याचे नमुने घ्यायला शिकवावं. उद्या खाडीकाठच्या जमिनींचे निर्णय हीच मुलं घेणार आहेत. त्या वेळी त्यांना ही खाडी ओळखीची असली पाहिजे.