साध्या सुखाची राखण

मार्गशीर्षातली सकाळ. तेरेखोल नदीवर धुके रेंगाळत असते. बांद्याची बाजारपेठ अजून पुरती जागी झालेली नसते. महामार्गावर मात्र दुचाकींची रांग केव्हाच सुरू झालेली असते. पाठीला डब्याची पिशवी अडकवलेले पंचविशी-तिशीतले तरुण पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्यातल्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला निघालेले असतात. मी त्यांच्या उलट दिशेने, रस्त्याच्या कडेने, चालत असतो. डॉक्टरांनी सांगितले म्हणून.

पहिले काही महिने हे चालणे मला शिक्षा वाटे. रक्तातली साखर मोजायची, पावले मोजायची आणि घरी येऊन बिनसाखरेचा चहा घ्यायचा. पन्नाशी म्हणजे एकेका सुखाचा निरोप घेण्याचे वय, अशी माझी समजूत झाली होती. पुढे केव्हातरी पावले मोजायचे विसरलो आणि नदीकडे लक्ष गेले. पुलाखाली जाळे टाकणारा माणूस ओळखीचा झाला. भरती-ओहोटीने पाण्याचा रंग कसा बदलतो ते कळू लागले. आज दिवसातला हा एक तास कोणी मागितला तर मी देणार नाही.

हे सांगण्यात विशेष काही नाही, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु मध्यम वयातली साधी सुखे हा वाटतो तितका खासगी आणि किरकोळ विषय नाही, या मतावर मी हळूहळू आलो आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

बाबांची पडवी

मी ऐन उमेदीची वर्षे मुंबईत, वृत्तपत्राच्या रात्रपाळीत घालवली. आमच्या पिढीच्या बहुतेक चाकरमान्यांप्रमाणे वर्षातून दोनदा गावी येत असे. गणपतीला आणि मे महिन्यात. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा आता वरचेवर जाता येईल, असे मी घरी कळवले होते. प्रवासाचे तास खरोखरच कमी झाले. गावातला माझा मुक्काम मात्र तेवढाच राहिला.

बाबा तेव्हा निवृत्त शिक्षक होते. संध्याकाळी पडवीत बसत. आमच्याकडे गप्पांना गजाली म्हणतात. गजालीला विषय लागत नाही. पाऊस, काजूचा मोहोर, कोणाच्या घरचे लग्न, दिल्लीतले सरकार, काहीही चालते. मी आलो की ते शेजारची खुर्ची पुढे सरकवत आणि म्हणत, "बस रे, इतकी घाय कित्याक?" आणि मला घाई असे. कधी बँकेचे काम, कधी तिकिटाचे, कधी कार्यालयाला दूरध्वनी करायचा असे. निवृत्त झाल्यावर निवांत बसू, असे मी मनात म्हणत असे. निवृत्त मी होणार होतो. त्या वेळी ते कुठे असतील, हा हिशेब मी केलाच नव्हता.

आता मी बांद्याला कायमचा परत आलो आहे. त्याच पडवीत बसतो. शेजारची खुर्ची रिकामी असते. पुण्याला असलेला मुलगा रात्री दूरध्वनी करतो, तीन-चार मिनिटे बोलतो, "बाबा, जरा घाईत आहे" म्हणतो. त्याला मी काय दोष देणार?

सुख पुढे ढकलण्याची ही सवय आपल्या मध्यमवर्गाने सद्गुण म्हणून जोपासली आहे. आधी शिक्षण, मग नोकरी, मग सदनिका, मग मुलांचे शिक्षण, मग त्यांची लग्ने. काटकसर आणि कर्तव्य यांचे मोल मी नाकारत नाही. त्यांवरच आपली घरे उभी राहिली. परंतु कर्तव्याच्या यादीत पडवीतल्या अर्ध्या तासाला जागा नसेल, तर ती यादी अपुरी आहे, एवढे माझे म्हणणे आहे.

वानप्रस्थाचा अर्थ

आपल्या पूर्वजांनी आयुष्याचे चार आश्रम कल्पिले. त्यातला तिसरा, वानप्रस्थ, आपण भाषणापुरता ठेवला आहे. मनुस्मृतीत त्याची वेळ सांगताना वर्षांचा आकडा दिलेला नाही. अंगावर सुरकुती दिसली, केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असे सांगितले आहे. आज अरण्यात कोणी जाणार नाही आणि जाऊही नये. पण त्यामागची दृष्टी उपयोगाची आहे. आपल्या हातातल्या किल्ल्या एकेक करून पुढच्या पिढीकडे द्याव्यात, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी काय धरावे याचा विचार वेळीच करावा, हा मला त्यातला बोध वाटतो. किल्ल्या सोडवत नाहीत आणि हातही रिकामे राहत नाहीत, ही आमच्या वयाची खरी व्यथा आहे.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. काही शे तरुणांच्या आयुष्याचा मागोवा त्यांच्या वार्धक्यापर्यंत घेतला गेला आणि पुढे त्यांच्या मुलांचाही. त्यातून असे दिसले की, ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या माणसांच्या परस्परसंबंधांवरून अधिक चांगला बांधता येतो. म्हणजे गजाली ही औषधासारखी गोष्ट ठरली. असे काही वाचले की, 'हे आमच्याकडे आधीपासूनच होते' असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. ते खोटे नाही. पण पडव्या ओस पडू लागल्यावर तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला किती उरतो?

आणि औषधाची गरज तर आहेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत, आणि प्रौढांमधले सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आमच्या शेजारच्या गोव्यात आढळले. सीमेवरच्या कमानीने ही गोष्ट पलीकडेच थांबत नाही. सकाळी रस्त्यावर चालणारी माझ्या वयाची माणसे पाहिली की ते कळते.

चुलीपाशी कोण?

आता माझ्यावरच उलटलेली एक गोष्ट. मध्यंतरी एका स्नेह्यांना मी आमच्या घरचा दिनक्रम मोठ्या रसाळपणे सांगत होतो. सकाळी तव्यावरून थेट पानात येणारे घावणे, साडेदहाला उकड्या तांदळाची पेज आणि सोबत खारातली कैरी, दुपारी सोलकढी. "माणसाला आणखी काय हवे?" असा समारोपही केला. आमच्या सौभाग्यवती आत होत्या. पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं हे साधं सुख माझ्या चुलीवर शिजतं, एवढं लक्षात असू द्या."

मी निरुत्तर झालो. पुरुषांनी साध्या राहणीचे जे गोडवे गायले आहेत, त्यातल्या पुष्कळशा साधेपणामागे घरातल्या स्त्रीचे दोन-तीन तासांचे उभे राहणे असते. पुरुष साठीला निवृत्त होतो. तिच्या निवृत्तीची तारीख कोणत्याही कागदावर नसते. मुले घराबाहेर पडल्यावर तिच्याही वाट्याला मोकळी संध्याकाळ यायला हवी होती, पण तेवढ्यात नवराच चोवीस तास घरी आलेला असतो!

मग आम्ही एक व्यवस्था लावली. सकाळचा चहा आणि रात्रीची पेज माझ्याकडे. पेज प्रथम खाली लागली, नंतर जमू लागली. त्या सायंकाळी भजनाला जातात, आठवड्याच्या बाजारातही एकट्याच जातात आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू किंवा अळंबी दिसली की विजयी मुद्रेने परततात. त्यांचे पाठ असलेले अभंग किती आहेत, हे तीस वर्षांच्या संसारानंतर मला आता कळले. घरातल्या दोघांपैकी एकाच्याच वाट्याला येणारे सुख साधे म्हणता येत नाही. ते दुसऱ्याच्या कष्टांवर घेतलेली उचल असते.

गावाचे राखणदार

या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साधी सुखे स्वस्त असतात, पण ती फुकट नसतात. ती कोणीतरी सांभाळलेली असतात. नदीकाठी चालायचे तर काठ स्वच्छ हवा. वर्तमानपत्र चारचौघांत वाचायचे तर आमच्या नट वाचनालयासारखी संस्था टिकायला हवी. बांदेश्वराच्या देवळात भजन ऐकायचे तर मृदंगाला साथ द्यायला नवी बोटे तयार व्हायला हवीत. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचे दिवस येतात. रात्रभर चालणारा दशावतार कांबळे पांघरून बघण्याचे सुख कोणत्याही पडद्यावर मिळत नाही. लिखित संहितेवाचून राजा आणि राक्षस समोरासमोर येऊन तासन् तास वाद घालतात, आणि पुढे बसलेल्या पोरांना पुराण कळत जाते. पण पुढे बसायला पोरे तर हवीत.

येथे आकडे बोलतात. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना आमचा जिल्हा आक्रसला. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, सीमेपलीकडे मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. येण्याची साधने वाढली, तशी जाण्याचीही वाढली. सकाळी दुचाकीवरून जाणाऱ्या त्या तरुणांना मी साध्या सुखांवर प्रवचन देऊ शकत नाही. त्यांना आधी हक्काचा रोजगार हवा, घराजवळ हवा. संध्याकाळी उजेड असताना घरी पोहोचता यायला हवे. पोटाची भ्रांत असलेल्याला नदीचे धुके दाखवणे ही क्रूर थट्टा होईल.

मग हे सांभाळायचे कोणी? माझे उत्तर सरळ आहे: आम्ही, पन्नाशी ओलांडलेल्यांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तेरेखोलीचे पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरले. दुकानेच्या दुकाने पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर चिखल उपसणे हे तरुण खांद्यांचे काम होते आणि त्यांनी ते केले. पण पुढचे काम वर्षानुवर्षांचे असते: नदीतला गाळ, बुजलेले ओहोळ, काठावर फेकलेले प्लास्टिक यांचा पाठपुरावा, अर्ज, स्मरणपत्रे, ग्रामसभेत उठून विचारलेले प्रश्न. त्याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते. या दोन्ही गोष्टी नोकरी, संसार आणि हप्ते यांत अडकलेल्या तरुणांपेक्षा आमच्यापाशी अधिक आहेत.

कोकणात गावोगावी राखणदार असतो. तो दिसत नाही, पण रात्री-अपरात्री शिवेवरून फिरतो, गावाची काळजी घेतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याला वर्षाचे मानपान द्यायला कोणी विसरत नाही. मला वाटते, मध्यम वयाने ही भूमिका डोळसपणे घ्यावी. एकाने वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांसाठी बसावे. एखाद्या भगिनीने माटवीला कोणती रानफुले आणि फळे बांधायची, ती कुठे मिळतात, हे शेजारच्या नव्या सुनेला आणि मुलालाही दाखवावे. कोणी परसात सुरंगीचे एक झाड लावावे. ते फुलायला वर्षे लागतील, गंध बहुधा दुसऱ्यालाच मिळेल. ज्यांची घरे गावी कुलूपबंद आहेत, त्यांनी गणपतीच्या पाच दिवसांखेरीज आणखी आठ दिवस ते कुलूप काढावे. यात मोठा त्याग नाही, खर्च तर नाहीच.

मागच्या मे महिन्यात मुलगा आठ दिवस आला होता. पहिले दोन दिवस तो हातातल्या मोबाइलवर होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली आणि तो पडवीत आला. मी काही बोललो नाही. शेजारची खुर्ची थोडी पुढे सरकवली. त्याने आजोबांविषयी विचारले. मी सांगत गेलो. वीज केव्हा आली ते आम्हा दोघांनाही कळले नाही, आतून सौभाग्यवतींनी हाक मारली, "पेज कोण करणार आहे आज?"

दोघेही उठलो.