पहिला सामना दहा गुणांनी जिंकला, म्हणजे हंगाम जिंकला का? पुणेरी पलटणचे चार हंगाम काय सांगतात?

शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४. प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा दुसरा दिवस. हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला ३५-२५ असं हरवलं. साडेसात महिन्यांपूर्वी, १ मार्च २०२४ रोजी, याच शहरात अंतिम सामन्यात पलटणने हरियाणाला २८-२५ असं नमवून आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं होतं. तेव्हा तीन गुणांचा फरक होता, आता दहाचा. चाहत्यांनी निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही: चषक यंदाही आपलाच.

येवला पुण्यापासून दोनशे किलोमीटरहून लांब आहे. तरी पलटणचा सामना असला की मागावरचं काम उरकून मोबाइल उघडणारे इथे कमी नाहीत. त्याला कारणही आहे. पलटणकडून खेळलेला चढाईपटू आकाश शिंदे नाशिकचा, तर कर्णधार अस्लम इनामदार शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात हे दोघेही होते. त्यामुळे विंचूर चौफुलीवरच्या चहाच्या गप्पांत ‘पलटण’ म्हणजे पुण्याचा संघ राहत नाही, ती ‘आपली पोरं’ होतात.

त्या रात्रीच्या निष्कर्षाचं पुढे काय झालं? आणि पुढच्या वेळी आपल्या संघाने पहिलाच सामना दणक्यात जिंकला, तर त्यातून नेमकं काय समजायचं? सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी निकाल पाहू

हैदराबादच्या त्या विजयानंतर पलटणने दुसऱ्या सामन्यात पाटणा पायरेट्सलाही हरवलं. म्हणजे दोन सामने, दोन विजय. पण डिसेंबरअखेर चित्र पूर्ण उलटं होतं. गतविजेती पलटण पहिल्या सहा संघांतही नव्हती, त्यामुळे बाद फेरीचं दार बंद झालं.

२९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना झाला तो पुण्यात, बालेवाडीत. म्हणजे पलटणच्या स्वतःच्या घरी. मैदानात उतरले हरियाणा आणि पाटणा. पलटणने सुरुवातीच्या दोन सामन्यांत हरवलेले हेच ते दोन संघ. हरियाणाने ३२-२३ असा विजय मिळवून पहिल्यांदा चषक उचलला. पहिल्या सामन्यात दहा गुणांनी हरलेला संघ विजेता ठरला आणि त्याला हरवणारा संघ बाद फेरीत नव्हता.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या संघाची गोष्टही याच हंगामातली. यू मुंबा आपला पहिला सामना दबंग दिल्लीकडून २८-३६ असा हरली होती. त्या संध्याकाळी मुंबईच्या चाहत्यांनी बचावफळीला बरंच सुनावलं. तीच यू मुंबा पुढे बाद फेरीत पोहोचली.

चार हंगाम, चार सुरुवाती

एका हंगामावरून मत बनवू नये, हे खरं. म्हणून पलटणचे सलग चार हंगाम पाहू.

• नववा हंगाम (२०२२): पहिला सामना पाटणा पायरेट्सशी ३४-३४ असा बरोबरीत. शेवट: अंतिम फेरी, जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा पराभव.

• दहावा हंगाम (२०२३-२४): पहिल्या सामन्यात जयपूरवर ३७-३३ असा चार गुणांनी विजय. शेवट: विजेतेपद.

• अकरावा हंगाम (२०२४): पहिल्या सामन्यात हरियाणावर दहा गुणांनी विजय. शेवट: साखळीतच बाहेर.

• बारावा हंगाम (२०२५): पहिला सामना बंगळुरू बुल्सशी ३२-३२, मग टायब्रेकरमध्ये ६-४ असा विजय. शेवट: साखळीत अव्वल, अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून २८-३१ असा पराभव.

चारपैकी सर्वांत मोठा सलामीचा विजय अकराव्या हंगामातला आणि सर्वांत खराब शेवटही त्याच हंगामाचा. बाकी तीन हंगामांत सुरुवात अडखळती किंवा जेमतेम होती आणि तिन्ही वेळा संघ अंतिम फेरीत गेला.

याचा अर्थ मोठा विजय अपशकुनी असतो, असा काढायचा नाही. चार हंगामांवरून असा नियम बांधता येत नाही. पण मोठ्या विजयावरून चषकाची खात्री धरता येत नाही, एवढं मात्र या चार ओळींतून नक्की दिसतं.

असं का होतं? चार कारणं

१. गुणांचं गणित. अकराव्या हंगामात प्रत्येक संघ साखळीत २२ सामने खेळला. विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर १ गुण. म्हणजे कमावता येण्याजोगे जास्तीत जास्त गुण ११०. हैदराबादच्या त्या विजयाने पलटणला मिळाले ५, एकूण शक्यतेच्या पाच टक्क्यांहूनही कमी. एका गुणाने जिंकले असते तरी ५ आणि वीस गुणांनी जिंकले असते तरी ५. दहाच्या फरकामुळे हरियाणाला पराभवाचा १ गुण मिळाला नाही, हा त्यातला खरा फायदा. बाराव्या हंगामात पद्धत बदलली. सामने १८, विजयाला २ गुण आणि साखळीतली बरोबरी संपवण्यासाठी टायब्रेकर. हिशेब तिथेही तोच राहतो: एक सामना म्हणजे अठरातला एक.

२. कबड्डीत दहा गुण पटकन फिरतात. सामना ४० मिनिटांचा, एक चढाई ३० सेकंदांची. एका संघाचे सातही गडी बाद झाले की लोण बसतो आणि समोरच्याला दोन गुण जादा मिळतात. लोणच्या आधीच्या काही मिनिटांत गडी टिपले गेल्याने गेलेले गुण वेगळेच. त्यामुळे बरोबरीत चाललेला सामना एका लोणमुळे सात-आठ गुणांच्या फरकावर जाऊ शकतो. फलकावरचा अंतिम फरक पाहून संपूर्ण ४० मिनिटं एकतर्फी होती, असं समजणं चुकीचं ठरतं. लोण कधी आणि कसा बसला, हे पाहिल्याशिवाय दहा हा आकडा फार काही सांगत नाही.

३. मैदानात फक्त सात जण. अकराव्या हंगामाच्या मध्यावर अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर गेला. दहाव्या हंगामात पलटणला विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार, आणि चढाईबरोबर पकडीतही हातभार लावणारा खेळाडू. फुटबॉलमध्ये अकरा जणांतला एक गेला तर उरलेले दहा काही प्रमाणात भार वाटून घेतात. सात जणांच्या खेळात तो भार जास्त पडतो आणि अष्टपैलू गेला तर चढाई व बचाव दोन्हींत खड्डा पडतो. हे पहिल्या रात्री कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

४. समोरचाही शिकतो. अकराव्या हंगामाच्या लिलावात हरियाणाने मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ७ लाख रुपयांना घेतलं. हा इराणी बचावपटू आदल्या हंगामात पलटणच्या विजेत्या संघात होता. म्हणजे पलटणचा एक खांब समोरच्या बाजूला गेला होता. बचाव हा साखळीचा खेळ आहे. कोपऱ्यातला गडी कधी झेपावणार आणि त्याच्या शेजारचा कधी साथ देणार, हे एकत्र खेळूनच जमतं. नव्या खेळाडूंसह उतरलेल्या संघाची ही साखळी पहिल्या सामन्यात सैल असू शकते, महिनाभरात ती घट्ट होते. शिवाय प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण सगळ्या प्रशिक्षकांकडे असतं. तुमचा चढाईपटू कोणत्या बाजूने शिरतो, बोनस कधी घेतो, हे तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

मुंबई इंडियन्सचा धडा

कबड्डी कमी पाहणाऱ्यांसाठी जवळचं उदाहरण क्रिकेटचं. मुंबई इंडियन्सने आयपीएल जिंकली २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० मध्ये. या पाचही हंगामांत त्यांनी आपला पहिला सामना गमावला होता. फुटबॉलमध्ये अर्जेंटिनाने २०२२ च्या विश्वचषकाची सुरुवात सौदी अरेबियाकडून १-२ असं हरून केली आणि पुढे मेस्सीने चषक उचलला.

मुंबईच्या चाहत्यांनी याचा ‘पहिला सामना देवाला’ असा विनोदच करून टाकला. विनोद म्हणून ठीक, पण हरणं हीच शुभ सुरुवात, हे मानणंही तितकंच भाबडं आहे. मुंबईने पहिला सामना गमावलेल्या इतर अनेक वर्षांत चषकही गमावला आहे.

मग पहिल्या सामन्यात पाहायचं काय?

फलकाच्या पलीकडच्या चार गोष्टी पहिल्या सामन्यातही दिसू शकतात. पुढच्या हंगामाच्या सलामीला त्या तपासून पाहा.

• गुण किती जणांनी आणले? एकाच चढाईपटूने निम्म्याहून जास्त गुण आणले असतील, तर तो जखमी होईल किंवा पकडला जाईल त्या दिवशी संघ अडचणीत येणार. तीन-चार जणांत गुण वाटले गेले असतील, तर पाया बरा.

• पकडीचे गुण किती? चढाईपटूचा एखादा दिवस भन्नाट जातो. बचावफळीचं यश बहुधा सरावातून येतं, त्यामुळे ते टिकण्याची शक्यता जास्त.

• तिसऱ्या चढाईला काय झालं? सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’. या चढाईत गुण आणणारा आणि ती पकडणारा खेळाडू संघात आहे का, हे दिसतं.

• शेवटच्या पाच मिनिटांत कोण होतं मैदानात? आघाडी मोठी असताना प्रशिक्षकाने राखीव खेळाडूंना उतरवलं का? उतरवलं असेल तर ते कसे खेळले? हंगामाअखेरच्या थकव्याच्या दिवसांत सामने त्यांच्याच भरवशावर जातात.

यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं चांगली असतील, तर आनंद साधार आहे. नुसता दहाचा फरक असेल, तर तो त्या रात्रीपुरता.

पण चाहत्याने हिशेब का करावा?

हा आक्षेप रास्त आहे. दिवसभराच्या कामानंतर माणूस सामना पाहतो तो ओरडण्यासाठी, वही-पेन घेऊन बसण्यासाठी नाही. पहिल्या विजयाला फटाके वाजवण्यात काहीच गैर नाही. उलट त्या रात्रीचा जल्लोष हा चाहत्याचा हक्कच आहे.

अडचण सुरू होते ती जल्लोषाचं भाकीत झाल्यावर. ऑक्टोबरमध्ये ज्यांनी चषक ठरवून टाकला, त्यांचीच निराशा डिसेंबरमध्ये सर्वांत कडवट होती. ‘पैसा मिळाला, भूक संपली’, ‘डोक्यात हवा गेली’ असे शेरे मारले गेले. खेळाडूंची भूक संपली होती का, हे कुणी तपासलं नाही. कर्णधाराचा गुडघा गेला होता, आदल्या हंगामातला मोठा बचावपटू दुसऱ्या संघात होता आणि स्पर्धा २२ सामन्यांची होती, एवढी साधी कारणं मात्र समोर होती. बाराव्या हंगामात अस्लम परतला आणि पलटण साखळीत अव्वल आली. भूक संपलेला संघ असा परत येत नाही.

याचा फटका गावातल्या पोरांनाही बसतो. नाशिक, निफाड, येवला पट्ट्यात मातीच्या मैदानावर सराव करणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मोठ्यांचं बोलणं ऐकत असतो. एक चांगला सामना झाला की ‘स्टार’ आणि दोन वाईट गेले की ‘संपला’, हे तो अस्लमबद्दल आणि आकाशबद्दल ऐकतो. मग तीच मोजपट्टी तो स्वतःला लावतो. तालुका स्पर्धेच्या पहिल्या फेरीत बाद झाला की मैदान सोडावंसं वाटणं हा त्याचाच परिणाम. त्याला हंगाम म्हणजे काय, हे शिकवायचं असेल, तर ते आधी घरातल्या मोठ्यांनी शिकायला हवं.

येवल्याला हे नवीन नाही

खरं तर येवलेकरांना ही गोष्ट कबड्डीवाचून माहीत आहे. इथला पतंगोत्सव तीन दिवसांचा: भोगी, संक्रांत आणि कर. भोगीच्या सकाळी पहिल्याच पेचात कुणी शेजारच्या गच्चीवरचा पतंग कापला, की आरडाओरडा होतो, वाजंत्री वाजते. पण तेवढ्यावरून करीच्या संध्याकाळी आकाशात कुणाचा पतंग असेल, हे कुणी सांगत नाही. आसारीवर मांजा किती उरलाय, वारा कसा फिरतोय आणि हाताला किती चिरा पडल्यात, हे तिसऱ्या दिवशी ठरतं.

पलटणकडेही तसंच पाहता येईल. पुढच्या हंगामाचा पहिला सामना जिंकला तर मनसोक्त ओरडा. मत मात्र सहाव्या सामन्यानंतर बनवा. बारा संघांच्या लीगमध्ये प्रतिस्पर्धी अकरा, त्यांतल्या निम्म्यांशी तोवर गाठ पडलेली असेल. राखीव खेळाडू दिसलेले असतील, एखादा पराभव पचवून झालेला असेल. आणि पहिला सामना हरला, तरी तोच नियम: टीव्ही बंद करण्याआधी अजून पाच सामने बघा. २०२४ मध्ये हैदराबादच्या पहिल्या पराभवानंतर हरियाणाच्या चाहत्यांनी टीव्ही बंद केला असता, तर बालेवाडीतली ती रात्र त्यांना दिसली नसती.