लॅपटॉप म्हणजे सोनं नव्हे!

मंडळी, निशी-कासाईत सध्या घरोघरी एकच धोशा: "मास्टर्सला चाललाय ना, एकदाच दणकट, मोठ्ठा लॅपटॉप घेऊ, दहा वर्षं बघायला नको!" का हो? इथल्या करखात्याच्या लेखी कॉम्प्युटरचं आयुष्य ४ वर्षं. भारतात आयकरात घसारा वर्षाला ४० टक्के. आणि तुम्ही दहा वर्षांच्या गोष्टी करता!

शिवाय ओझं तुम्ही वाहणार नाही. पोरं वाहणार, रोज, तोझाई लाइनमध्ये. २०१९ साली किबा ते मोन्झेन-नाकाचो टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती. हल्ली जरा बरी आहे, पण पाठीवर अडीच किलोचं धूड आणि विटेएवढा चार्जर घेऊन एकदा तुम्हीच चढून बघा! १३ इंची मॅकबुक एअर साधारण सव्वा किलो, फुजित्सुने तर ७०० ग्रॅमच्या आतले काढलेत.

जड काम लॅबच्या मशीनवर होतं का, हे मुलाने प्राध्यापकांना मेल करून आधी विचारावं. होत नसेल तर घ्या मोठा, माझी ना नाही.

आणि हो, कीबोर्ड बघून घ्या. जपानी मांडणीत अवतरणचिन्हसुद्धा २ च्या बटणावर असतं. इंग्रजी मांडणी बरेचदा ऑर्डर देऊनच मिळते, त्यामुळे एप्रिलच्या प्रवेशासाठी मार्चअखेरीस दुकान गाठू नका.