शाळेच्या कपाटाचे कुलूप निघाले पाहिजे



दर वर्षी कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुले-मुली आपल्या कार्यक्षेत्रातील गावांत मुक्कामाला येतात. आपण त्यांना कृषिदूत म्हणतो. बीजप्रक्रिया दाखवतात, मातीचा नमुना काढतात, फोटो होतो आणि जातात. त्यांची आठवड्यातली एक दुपार गावच्या शाळेला मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रंग बदलणारे पाणी दाखवून टाळ्या घ्यायला मात्र नको. जादूगारही तेच करतो!

असे काम पूर्वी झालेले आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी तिथे येत. पण वर्गात शिकवायचा तो गावचा गुरुजीच. पाहुण्यांनी गुरुजींबरोबर प्रयोग करून बघायचे. परीक्षेला पुस्तक-वही जवळ ठेवायची मुभा होती. १९७८ साली सगळा जिल्हा त्यात आला. पुण्याला टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता त्याच साली वर्षाची रजा काढून तिकडे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून त्यांनी आकृत्या केल्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणी का, हे पोराला फळ्याशिवाय कळते. सरकारने २००२ साली तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले, याचे वाईट वाटते.

आपल्याकडे साहित्याची वाण कुठे आहे? बाटलीत शेतातली माती आणि पाणी घालून हलवा. वाळू लगेच तळाला बसते, चिकणमातीचे पाणी मात्र बराच वेळ गढूळ राहते. काळ्या रानात पाणी का साचते, ते पोरगं घरी येऊन तुम्हालाच सांगेल. ऊस घ्या. बुडख्याच्या आणि शेंड्याच्या रसाचा एकेक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाका आणि मुलांना स्वतः ब्रिक्स वाचू द्या. कोवळ्या उसात दोन्हींत मोठा फरक दिसतो, पक्व उसात तो कमी होतो. मग एवढी पोरे तोडीच्या तारखेवरून आपल्याशीच भांडतील. भांडू देत की!

टोळ्यांची मुले यातून सुटता कामा नयेत. वाढ्याचा भारा बांधणाऱ्या पोराला ऊस आपल्यापेक्षा जवळून माहीत असतो. कोप्यांजवळ दुपारी कोणी बसले तर तेही हात पुढे करील.

एका दिवसाच्या भेटी मला मान्य नाहीत. मुक्काम असेपर्यंत त्याच शाळेत, त्याच गुरुजींबरोबर काम झाले पाहिजे. अनेक शाळांत प्रयोगाचे सामान कपाटात कुलूपबंद असते, फुटले तर भरून कोण देणार म्हणून. ती भरपाई कारखान्याच्या शिक्षण निधीतून व्हावी, असा ठराव वार्षिक सभेत कोणीतरी मांडावा. रिफ्रॅक्टोमीटर गट ऑफिसला आहे. मुख्याध्यापकांनी निरोप धाडावा, आमचा माणूस घेऊन येईल.