टायरचा पिवळा दिवा विझवू नका, सेन्सर बदला

स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या, नुकतीच सेकंडहँड घेतलेल्या आणि अशा गाड्यांच्या टायरला हात लावणाऱ्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं, आत उद्गारचिन्ह असलेलं पिवळं चिन्ह पेटत असेल, तर या रविवारी पहाटे गाडी एक्स्प्रेसवेवर काढू नका. आधी चारही टायरची हवा मोजा, दिवा का पेटला ते शोधून काढा आणि सेन्सर गेला असेल तर तो बदलून घ्या.

हे आत्ताच सांगायला हवं, त्याला कारण आहे. हवेचा दाब सांगणारा सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसवलेला असतो. त्यातली बॅटरी सीलबंद असते, ती वेगळी बदलता येत नाही आणि ती साधारण पाच ते दहा वर्षं चालते. फोर्डची मस्टँग भारतात २०१६ मध्ये आली. त्या पहिल्या गाड्यांमधले मूळ सेन्सर कुणी बदलले नसतील, तर ते आज एकामागून एक बंद पडण्याच्या वयाला आले आहेत. त्याच सुमाराच्या इतर वेगवान गाड्यांचीही हीच गत आहे. यातल्या अनेक गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि सेन्सर कधीचे आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

इतर गाड्यांपेक्षा स्पोर्ट्स कारला हा धोका जास्त का, तेही ऐका. साध्या गाडीचा टायर बसला की डोळ्यांना दिसतो. ३५ किंवा ३० प्रोफाइलच्या टायरची बाजूची भिंतच इतकी बुटकी आणि ताठ असते, की आठ-दहा पीएसआय हवा कमी असली तरी तो बघून कळत नाही. लाथ मारून तर मुळीच कळत नाही. हवा कमी असली की ती भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि वेग वाढेल तशी ती साठत जाते. शेवटी आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. शिवाय यातल्या बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते. ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत केला. म्हणजे स्टेपनीच्या जागी आपण ज्या यंत्रणेवर भरवसा ठेवला, तीच अनेकांनी मरू दिली आहे.

ही यंत्रणा हौस म्हणून आलेली नाही. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचे थर सुटून माणसं मेली, २००० साली लाखो टायर परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी तिथे कायदा झाला. त्यातूनच २००७ पर्यंत प्रत्येक नव्या हलक्या गाडीत ही सूचना सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा पेटलाच पाहिजे, असा तो नियम. आता हिशेब करा. गाडीला ३२ पीएसआय सांगितले असतील, तर २४ पर्यंत हा दिवा गप्प राहू शकतो. तो पेटतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो.

म्हणून दिवा पेटला की पहिल्यांदा तो कसा पेटतो ते पाहा. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर दोष यंत्रणेत आहे: सेन्सर, रिसीव्हर किंवा नोंदणी. सुरुवातीपासूनच स्थिर असेल, तर हवा कमी आहे. हा फरक बहुतेक गाड्यांत आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे लोक चांगला सेन्सर फेकतात, नाहीतर खिळा घुसलेला टायर घेऊन शंभराच्या वेगाने जातात.

दिवा कसाही पेटलेला असो, गेजने हवा मोजाच. स्वतःचा डिजिटल गेज घ्या. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, टायर गार असताना मोजा. किती हवा हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा अनेकदा वेगळा असतो, आणि मागे रुंद, पुढे अरुंद टायर असलेल्या गाडीत तर तो हटकून पाहावा. दर दहा अंश सेल्सिअस तापमानाला साधारण दीड पीएसआय फरक पडतो. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरते आणि दिवा पेटू शकतो. तो दोष नव्हे, हवा भरा आणि पुढे जा.

हवा बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर सेन्सर वाचणारं टूल असलेल्या टायरवाल्याकडे जा. ते टूल व्हॉल्व्हजवळ धरलं की सेन्सर जागा होतो आणि आपला क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थितीही सांगतो. एकच चाक उत्तर देत नसेल, तर त्या चाकाचा सेन्सर गेला. चारही सेन्सर टूलला उत्तर देतात पण गाडीला ऐकू येत नाहीत, तर फ्यूज, रिसीव्हर किंवा फ्रिक्वेन्सी बघायची. भारतात आणि युरोपात सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिका आणि जपानमध्ये प्रामुख्याने ३१५ वर. बाहेरून आलेल्या गाडीत किंवा परदेशातून मागवलेल्या सेन्सरमध्ये हा घोळ नेहमी होतो. आणखी एक: गाडी उभी असताना स्क्रीनवर आकड्याऐवजी रेघा दिसल्या म्हणून घाबरू नका. बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर झोपतो, गाडी थोडी धावली की बोलू लागतो. काही गाड्यांत मात्र चाकात सेन्सरच नसतो, एबीएसच्या मदतीने चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधला जातो. तिथे हवा भरून रीसेट करायचं, सेन्सर विकत घ्यायचा नाही. विकणारा हे सांगेलच असं नाही.

एक सेन्सर वयाने गेला असेल, तर चारही बदला. बाकीचे तीन त्याच दिवशी कारखान्यात बसवलेले आहेत. टायर काढण्याची, बसवण्याची, बॅलन्सिंगची मजुरी चार वेळा भरण्यापेक्षा नवे टायर घालतानाच हे काम उरकून घ्या. जुने सेन्सर चालू असतील, तरी टायर बदलताना व्हॉल्व्हचं रबर, नट आणि आतली पिन नवी घाला.

टायरच्या दुकानदारांना आणि तिथल्या मुलांना आता हात जोडून सांगतो. मशीनवर बीड फोडण्याआधी व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाहा आणि ब्लेड त्यापासून लांब ठेवा. बरेच सेन्सर तिथेच मोडतात आणि ग्राहकाला घरी गेल्यावर कळतं. नट हाताच्या अंदाजाने आवळू नका. सेन्सरवर किंवा त्याच्या कागदावर किती टॉर्क लिहिला आहे ते बघा. तो फार थोडा असतो, आणि जादा ताकदीने ॲल्युमिनियमची नळी तडकते. त्या नळीत साधी पितळी पिन घालू नका, निकेलचा मुलामा असलेलीच घाला, कारण पावसाळ्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात आणि पिन अडकून बसते. धातूची शोभेची टोपीही त्याच कारणाने नको. पंक्चरसाठी ओतलेला लगदा सेन्सरचं भोक बुजवतो, तो पूर्ण धुऊन काढा. टायर चढवण्याआधी नव्या सेन्सरच्या क्रमांकाचा फोटो काढून ग्राहकाला द्या.

नवा सेन्सर बसवला की काम संपत नाही, गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या थोडा वेळ चालवल्या की स्वतः शिकतात. फोर्डच्या पद्धतीत गाडी शिकण्याच्या अवस्थेत नेऊन टूल एकेका चाकाजवळ धरायचं: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. प्रत्येक नोंदीला हॉर्न वाजतो. पोर्शेमध्ये टायरचा प्रकार आणि आकार मेनूत निवडावा लागतो. ही पायरी न करता गाडी ताब्यात घेऊ नका. एका टायरची हवा थोडी सोडून स्क्रीनवर त्याच चाकाचा आकडा उतरतो का, हे दुकानातच पाहा.

आणि ज्या दोन गोष्टी आज सर्रास केल्या जातात, त्या थांबवा. पहिली म्हणजे कोडिंग करून दिवा कायमचा बंद करणं. दुसरी त्याहून वाईट: चार सेन्सर एका प्लास्टिकच्या पाइपमध्ये घालून, हवा भरून, तो पाइप डिकीत ठेवणं. गाडीला वाटतं सगळं ठीक आहे. ही गाडी पुढे कुणी विकत घेतली, तर त्याच्या हाती आपण काय सोपवतो आहोत, याचा विचार करा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच चावी फिरवल्यावर तो पिवळा दिवा क्षणभर तरी लागतो का, हे आधी पाहावं. लागलाच नाही, तर सौदा थांबवावा.

सेन्सर दाब सांगतो, टायरचं वय सांगत नाही, हेही विसरू नका. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला. तपासात अपघाताचं कारण बेदरकार वेग ठरलं, पण त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, हेही नोंदवलं गेलं. कमी चालणाऱ्या, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हणून कुणी बदलतही नाही. टायरच्या भिंतीवर तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते वाचा.

समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून सलग ७०१ किलोमीटर खुला आहे आणि कारला तिथे ताशी १२० पर्यंत परवानगी आहे. तास-दोन तास न थांबता त्या वेगाने जाताना कमी हवेच्या टायरला गार व्हायला क्षणाचीही उसंत मिळत नाही. तेव्हा आज रात्री गाडी उभी करा आणि उद्या सकाळी चावी फिरवण्याआधी चारही टायर गेजने मोजा. आकडे पट्टीशी जुळत नसतील तर हवा भरा. आकडे जुळूनही दिवा पेटलेलाच असेल, तर गाडी हळू चालवत टूल असलेल्या दुकानात न्या आणि सेन्सर बदलून, नोंदवून, तपासून मगच एक्स्प्रेसवेचा टोलनाका ओलांडा.