हरणांचा सीझन

‘शिकार’ म्हटलं की आपल्या पिढीला एकच केस आठवते. १९९८ चा ऑक्टोबर, ‘हम साथ साथ हैं’चं शूटिंग, जोधपूरजवळचं कांकाणी गाव आणि काळविटं. निकाल लागायला २०१८ चा एप्रिल उजाडला. सलमानला पाच वर्षांची शिक्षा झाली, दोन दिवसांत जामीनही झाला, आणि आपण सगळ्यांनी आपापल्या कँटीनमध्ये त्यावर जोरदार मतं मांडली. हरणाच्या बाजूने बोलणं त्या दिवशी फार सोपं होतं. आपलं कुणाचं काही जात नव्हतं ना!

माझं मत जरा गुंतागुंतीचं आहे. कारण आमचं शेत किनवटला आहे.

किनवट कुठे? सांगते. मुंबईहून नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बसायचं, निम्मा मराठवाडा झोपेत पार करायचा, नांदेडला चहा प्यायचा आणि तरीही उतरायचं नाही. पुढे सागाचं जंगल सुरू झालं की समजायचं, आता जवळ आलं. एका अंगाला तेलंगणातलं आदिलाबाद, दुसऱ्या अंगाला पैनगंगा आणि तिच्या पल्याड विदर्भ. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. त्यामुळे आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा अशा चार भाषांत घासाघीस चालते. आणि नदीच्या अंगाने पसरलंय पैनगंगा अभयारण्य. अभयारण्य म्हणजे हरणांना अभय. आमच्या हरभऱ्याला नाही!

आमच्या आजोबांकडे एक भरमार बंदूक होती. लायसनची. निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस, त्यामुळे शिकारीच्या गोष्टी पोत्याने. पण मला कळायला लागलं तोवर ती बंदूक घरात कमी आणि पोलीस ठाण्यात जास्त असायची. इलेक्शन आलं की जमा करा, संपलं की आणा. शेवटी आजोबा गेले आणि ती कायमची जमा झाली. तशीही तिची सद्दी संपलीच होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. झालं ते बरंच झालं, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

प्रश्न एवढाच, की कायदा चितळांनी वाचला नाही आणि हरभऱ्यानेही.

एक छोटासा जीके ब्रेक. आपण सरसकट ज्याला हरीण म्हणतो त्यात दोन खानदानं आहेत. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा नवी येतात. काळवीट आणि रोही, म्हणजे नीलगाय, हे दुसऱ्या घराण्यातले. त्यांची शिंगं जन्मभराची. शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक वेगळाच आहे. चितळं कोवळे शेंडे खुडतात. रोही खातो त्याहून जास्त तुडवतो. दोनशे किलोच्या आसपासचा नर हरभऱ्यातून मॉर्निंग वॉकला निघाला, की मागे काय उरत असेल, विचार करा.

तर २०२४ चा डिसेंबर. वर्क फ्रॉम होमची कृपा आणि साठलेल्या सुट्ट्या, मी तीन आठवडे गावी. चार एकर हरभरा, दोन एकर तूर, काका, काकू आणि चुलत भाऊ म्हणजे आमचा दादा. आदल्या वर्षी त्या चार एकरांत नऊ क्विंटल हरभरा झाला होता. बाकीचा कुणी खाल्ला ते सांगायला नको.

सगळे उपाय करून झाले होते. जुन्या साड्यांचं कुंपण (काकूची लग्नातली सोडून सगळ्या), बुजगावणं, सुतळी बॉम्ब, बॅटरीवरचा भोंगा. भोंग्यात कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड केलेलं. चितळं दोन रात्री घाबरली, तिसऱ्या रात्री भोंग्याखाली उभं राहून चरली.

मी पोचले त्याच संध्याकाळी दादाने तारेचं भेंडोळं आणलं. मोटारीच्या कनेक्शनवरून थेट करंट सोडायचा बेत. झटका मशीनचा करंट थांबून थांबून येतो, जनावर दचकून पळतं. हा तसा नव्हे. हा जीव घेणारा. दादा काही खलनायक नाही हो. पोरीच्या जूनमधल्या फीचा आकडा त्याला पाठ आहे, आणि बियाण्याचा, खताचा, सोसायटीच्या कर्जाचाही. तो म्हणाला, ‘‘रात्री दोनला उठून बघ एकदा, मग मला कायदा शिकव.’’

काकांनी कायदा काढलाच नाही. ते म्हणाले, ‘‘तारेला काय कळतंय, चितळ हाय का माणूस? रातच्याला पाणी द्यायला कोण कोण येतंय, इचार कर.’’

मुद्दा बिनतोड होता. शेतीची लाईट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अख्खं शिवार अंधारात चालत असतं. कुणाचा बाप, कुणाचा पोरगा, पायात स्लीपर. अशा तारांना चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या दर वर्षी पेपरात असतात.

दादा काही बोलला नाही. काकांनी ते भेंडोळं पोत्यात गुंडाळलं, माळ्यावर नेलं आणि उशाला घेतलं. अख्खा सीझन ते त्याच उशीवर झोपले. मान धरली, पण उशी बदलली नाही.

म्हणजे उरली जागल. माळ्यावर बसायचं, टॉर्च मारायचा, डबडं बडवायचं, ओरडायचं. पहिल्या रात्री मी टॉर्च मारला आणि हरभऱ्यात डोळेच डोळे चमकले. अकरा चितळं. इतकी सुंदर, की ओरडायचं विसरून मी मोबाईल काढला. काकू शेजारून म्हणाली, ‘‘काय करू लालीस गं? फोटो नंतर काढ, आधी बोंब मार!’’

दोन रात्रींत गणित कळलं. आपण हाकललेला कळप शेजाऱ्याच्या शेतात जातो, शेजारी हाकलतो तो आपल्याकडे येतो. सगळे जागे, सगळ्यांचं नुकसान. मग आम्ही ऑफिसवाले जे करतो तेच मी केलं. एक्सेल उघडलं. सोळा शेतकरी, चार-चारच्या टीम, रात्रीच्या दोन पाळ्या आणि ‘रोही अलर्ट’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. नियम एकच, हाकलायचं ते जंगलाच्या दिशेनेच. सुरुवातीला हसले सगळे. पण आठवड्यातून तीन रात्री झोप मिळायला लागल्यावर कुणी हसलं नाही. सगळ्यात काटेकोर पाळी कुणाची? आमच्या दादाची.

अमेरिकेतल्या मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘इकडे पण डिअर सीझन असतो!’’ तिकडे नारिंगी जॅकेट घालून, लायसनची फी भरून लोक शिकारीला जातात. वर १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा उभा राहतो. म्हणजे हरणांचा बराचसा खर्च शिकारी उचलतो. आपल्याकडे शिकार नाही, हे मला मान्यच आहे. पण मग खर्च कोण उचलतो? ज्याचं शेत जंगलाला लागून आहे तो. हरभऱ्याने आणि झोपेने.

गोळीचा मार्गही अगदीच बंद नाही. पीक नासवणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागता येते. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या, आणि दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांशी भांडले. पण परवानगीच्या कागदाबरोबर बंदूक आणि नेम मिळत नाही. आणि कळप मोकळा करायचा म्हटलं, तर त्यावर जगणाऱ्याचं काय? २०१९ मध्ये नदीपलीकडच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. असे पाहुणे आमच्या भागातून जाणार असतील, तर त्यांना चितळ मिळालेलं बरं. नाहीतर ते गोठ्यात येतात.

नुकसानभरपाईची सरकारी सोय आहे. अर्ज, पंचनामा, मोजणी. ती वेळेवर आणि पुरेशी मिळावी, यासाठी ओरडायला आपण शहरातलेही हवेत. सफारीचे फोटो टाकणारे तर आधी. फक्त जागलेल्या रात्रींचा रकाना त्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.

फेब्रुवारीत दादाचा मेसेज आला, ‘१७.’ एवढाच. आदल्या वर्षीपेक्षा आठ क्विंटल जास्त. त्या हंगामाच्या ५,६५० रुपये हमीभावाने धरलं तर ४५,२०० रुपये. आपल्यातल्या कित्येकांच्या हातातल्या फोनची किंमत. दादाच्या पोरीची फी.

ग्रुप अजून चालू आहे. मी अंधेरीत क्लायंटच्या कॉलवर रात्रीची जागी असते, तेव्हा मध्येच फोन थरथरतो. ‘नाल्याकडून सात येऊ लालेत.’ मी अंगठा पाठवते. नाईट शिफ्ट आमचीही आहे आणि त्यांचीही. फक्त माझ्या शिफ्टला अलाउन्स मिळतो.