बियाणे तपासतो, उमेदवार का नाही?

मृगाच्या आधी पंधरा दिवस घरोघरी एक काम चालते. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, वरून पाणी शिंपडत राहायचे आणि आठवड्याने उघडून मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीलायक. थोडे कमी उगवले तर एकरी दाणा वाढवायचा. फारच कमी भरले तर ते बियाणे नव्हे, मोंढ्यात घालायचा माल. दुकानातून पिशवी आणली तर पावती आणि टॅग जपून ठेवायचा. उगवले नाही तर तक्रारीला पुरावा लागतो, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

ही काळजी चार महिन्यांच्या पिकाची. मग ज्याच्या हाती पाच वर्षे गावाचा कारभार द्यायचा, त्याची उगवण आपण कोणत्या गोणपाटात तपासतो?

शहरातली मंडळी म्हणतात, खेड्यातला माणूस जात बघतो, पाकीट बघतो आणि बटण दाबून मोकळा होतो. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे बोलणाऱ्याला माहीत नसते. २०२४ ची लोकसभा आठवा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली मे २०२४ मध्ये, म्हणजे मतदान तोंडावर आल्यावर. दिंडोरी हा कांद्याचा पट्टा. तिथे केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या आणि शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. पडण्याला कारणे अनेक असतात, पण चाळीतला कांदा त्यात होता हे कुणी नाकारत नाही. पोटाचा प्रश्न समोर दिसला की शेतकरी हिशेब करून मत देतो.

पण त्याच मतदारसंघात दुसरी गोष्टही घडली. भगरे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसते ‘तुतारी’ असे नाव असलेले, पिपाणीसारखे चिन्ह मिळाले. त्या अपक्षाला लाखाच्या वर मते पडली. साताऱ्यात असेच चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली आणि तुतारीवाल्या माणसाचे उमेदवार पडले ३२,७७१ मतांनी. ही सगळी मते चुकून पडली असे छातीठोक सांगता येणार नाही. पण आपण उमेदवाराला किती ओळखतो आणि नुसत्या चित्राला किती, याचा विचार व्हायला पाहिजे.

लोकसभा लांबची. उमेदवार गावात एकदा येतो, जीपमधून हात हलवतो आणि जातो. ग्रामपंचायतीचे तसे नाही. तिथे पक्षाचे चिन्ह नसते. कपबशी, शिट्टी, छत्री यातले काहीतरी मिळते आणि माणूस तर लहानपणापासूनचा ओळखीचा. खरे तर इथे पारख सर्वांत सोपी. आणि इथेच आपण सर्वांत कमी पारखतो.

का? पहिले कारण भावकी. मी दुसऱ्याचे सांगत नाही, माझेच सांगतो. मागे आमच्या वॉर्डात दोघे उभे होते. एक माझा चुलत भाऊ. दुसरा वाडीवरचा पोरगा, पाण्याच्या टाकीवर दोन वर्षे राबलेला, कुठला व्हॉल्व्ह कुठे गाडलाय हे ज्याला तोंडपाठ. मत अर्थात भावाला दिले. गुलाल उधळला, जेवणे झाली. पुढे आमच्या वस्तीची पाइपलाइन ओढ्यापाशी येऊन थांबली ती थांबलीच. घरची माणसे पुढचे तीन उन्हाळे हापशावर घागरी घेऊन उभी. मी भावाला विचारायला गेलो का? नाही गेलो. घरचाच माणूस, चारचौघात बोलायचे कसे? दिवाळीला एका ताटात जेवायचे असते. म्हणजे मत देताना मी नुसते मत दिले नव्हते, विचारायचे तोंडही देऊन बसलो होतो.

दुसरे कारण सुखदुःखाला येणारा माणूस. यावर शहरातले हसतात, मी हसणार नाही. रात्री दोनला बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला जो गाडी काढतो, मयतीला जो लाकडे आणतो, तो लोकांच्या लक्षात राहणारच. त्याने माणुसकी दाखवली, ती मोठीच. पण गाडी काढणे हा एक गुण झाला आणि ठराव वाचून सही करणे हा दुसरा. दोन्ही एकाच माणसात असतील तर सोन्याहून पिवळे. नसतील तर गाडीवाल्याचे उपकार आपण वेगळ्या मार्गाने फेडावेत, गावाच्या तिजोरीतून फेडू नयेत.

तिसरे पाकीट. आदल्या रात्री दिवे जातात आणि दारावर टकटक होते. समजा हजार रुपये दिले. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२६. म्हणजे दिवसाला पंचावन्न पैसे. एवढ्यात आता चहाचा घोटही येत नाही. शिवाय देणारा ते बापजाद्याच्या जमिनीतून देत नाही, गटाराच्या आणि रस्त्याच्या बिलातून वसूल करतो. आणि कायद्याने देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, ही कलमे १७० आणि १७३ आहेत. काही हुशार लोक म्हणतात, दोघांचे घ्या आणि मत तिसऱ्याला द्या. ऐकायला गंमत वाटते. पण उद्या पाण्यासाठी गेलात की तो म्हणणार, ‘तुमचा हिशेब त्याच रात्री चुकता केलाय.’ तेव्हा काय बोलणार?

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणींच्या खात्यावर महिना पंधराशे जमा होऊ लागले आणि नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान झाले. पैसे बघून मत दिले म्हणून बायकांना नावे ठेवणारे पुष्कळ निघाले. योजना बरी की वाईट यावर वाद घालावा. पण ती उघड होती, सरकारी होती, उद्या सरकारला तिच्याबद्दल विचारता येते. अंधारातल्या पाकिटाबद्दल कुणाला विचारणार?

चौथा प्रकार लिलावाचा. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. त्याआधी नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातील उमराणे आणि नंदुरबार तालुक्यातील खोंडामळी या दोन गावांत पदाची बोली लागल्याचे उघड झाले. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली आणि तीही देवळाच्या कामासाठी. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. अनेकांना वाटले, देवाचे काम होत होते, बिघडले कुठे? बिघडले हे, की ज्याने पद विकत घेतले त्याला गावाने पाच वर्षे काय म्हणून विचारायचे? आणि ज्याच्यापाशी बोलीचा पैसा नाही, त्या भूमिहीनाने उभे कधी राहायचे?

बिनविरोध म्हणजे वाईटच असे मात्र मुळीच नाही. हिवरे बाजारात पोपटराव पवारांना गावाने एकमताने पुढे केले आणि पुढे काय झाले ते जगाने पाहिले. तिथेही २०२१ मध्ये निवडणूक लागलीच, आणि त्यांचेच पॅनेल निवडून आले. एकमत कामावर झालेले असेल तर त्याला मतपेटीचे भय नसते.

आता नीट पाहिले तर भावकी, पाकीट आणि लिलाव या तिन्हींत एकच दोष निघतो. मत दिल्यावर जाब विचारता येत नाही. म्हणून माझ्या मते कसोटी एकच ठेवावी. उद्या ग्रामसभेत उभे राहून ज्याला हिशेब विचारायला आपली जीभ अडखळणार नाही, त्याला मत द्यावे. मग तो भावकीतला असो की परक्या आळीचा.

आता तपासायचे कसे? साधने आपल्या हाताशी आहेत. उमेदवाराला अर्जासोबत मालमत्तेची आणि गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. बियाण्याच्या पिशवीचा टॅग वाचता, तसा तोही वाचा. तो मागच्या वेळी सदस्य असेल तर ग्रामसभांना किती वेळा हजर होता, ते इतिवृत्तावरून कळते. घरपट्टी-पाणीपट्टी थकवणारा गावाची वसुली काय करणार? सरकारी जागा दाबून बसलेला अतिक्रमण काय हटवणार? वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यावर येतो आणि त्याचा हिशेब ई-ग्रामस्वराजवर पाहता येतो. घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, ती मोबाइलवर पाच मिनिटांत काढून देईल. आणि जागा बाईसाठी राखीव असेल तर तिच्या मालकाला नव्हे, तिलाच प्रश्न विचारा. आपल्या राज्यात निम्म्या जागा स्त्रियांना २०११ मध्ये मिळाल्या, त्या नवऱ्याच्या सहीसाठी नव्हेत.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही दोन शब्द. ग्रामसभेची दवंडी नावापुरती नको. महिलांची सभा कागदावर नको. हिशेबाचा फलक ऑफिसच्या आतल्या भिंतीला न लावता एस.टी.च्या थांब्यापाशी लावा. लोक दिसेल त्यावर मत देतात. काम दिसले नाही तर पाकीट दिसणारच.

गेल्या वर्षी गोणपाट उघडल्यावर पंचेचाळीसच दाणे उगवलेले निघाले, तेव्हा आमच्या वडिलांनी एका शब्दाने कुणाला दोष दिला नाही. ते बियाणे त्यांच्याच शेतातले, त्यांच्याच हातचे होते. तरी पोते बाजूला सारले आणि म्हणाले, ‘घरचे आहे म्हणून पेरले तर रान रिकामे राहील.’

मतदानाला जाताना एवढे आठवले तरी पुरे.